प्रमाणित चाचण्या: ज्ञानकोशात एकच मोठा लेख की परीक्षेगणिक वेगळा?

बर्डीवाला: परवा धंतोलीत बसलो तेव्हा वाद अर्धाच राहिला, म्हणून इथे मांडतो. आपल्या ज्ञानकोशात प्रमाणित चाचण्या कशा लावायच्या? माझं म्हणणं, ‘प्रमाणित चाचणी’ असा एकच भरघोस लेख हवा. नीट, जेईई, सीईटी, स्कॉलरशिप, सगळ्यांना त्यातच एकेक परिच्छेद. वेगळे लेख काढले की फी, तारखा आणि हॉलतिकीट कुठून काढायचं एवढंच उरतं. वर्ष सरलं की रद्दी.

संत्राबर्फी: नाही पटत भाऊ. नीटला 180 प्रश्न, 720 गुण, आणि उत्तर चुकलं की एक गुण कापतात. सीईटीत कापत नाहीत, म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत पोरं उरलेल्या प्रश्नांवर नुसती क्लिक करत सुटतात. दोन्हीकडे पोरगं वेगळ्या डोक्यानं बसतं. हे एका परिच्छेदात कोंबाल कसं?

निवृत्तमास्तर: दोघंही नावांवरच भांडताय. चाचणी प्रमाणित होते ती सारख्या सूचना, सारखा वेळ, गुणदानाची ठरलेली रीत आणि गुणांचा अर्थ लावायची मानकं यांमुळे. फ्रान्सच्या बिने आणि सिमाँ या दोघांची 1905 ची बुद्धिमापन चाचणी घ्या. शाळेत मागे पडणारी मुलं हेरून त्यांना मदत करायला ती केली होती, प्रवेशाशी तिचा काही संबंध नाही. तुमच्या दोघांच्या मांडणीत तिला जागा कुठाय? हेतूनुसार लावा: प्रवेश, शिष्यवृत्ती, पात्रता, मापन.

बर्डीवाला: मग बारावी बोर्ड कुठे टाकता मास्तर? पेपर राज्यभर एक, वेळही एक.

निवृत्तमास्तर: ‘सार्वजनिक परीक्षा’ हा वेगळा लेख करा. मी बोर्डाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासलेत. नमुना उत्तर समोर असूनही ज्याला मी तीन दिले त्याला नियामकांनी, म्हणजे आमची तपासणी पुन्हा बघणाऱ्यांनी, चार केले. असं असताना ‘प्रमाणित’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बर्डीवाला: म्हणजे हात बदलला की प्रमाण गेलं? मग निबंध लिहून घेणारी कुठलीच परीक्षा तुमच्या यादीत बसायची नाही. हे जरा जास्तच कडक झालं.

धरमपेठचीआई: मला मांडणीतलं कळत नाही, घरचं सांगते. पोराला सीईटीत 91 पर्सेंटाइल पडले. सासूबाईंनी गल्लीभर पेढे वाटले, ‘एक्क्याण्णव टक्के’ म्हणून! उत्तरसूची ताडून पाहिली तर जेमतेम निम्मं बरोबर. पेपर अनेक पाळ्यांत होतो, पाळीगणिक प्रश्न वेगळे. म्हणून आपल्या पाळीतले शंभरातले किती आपल्याइतके किंवा आपल्या मागे, तो हा आकडा. हे मला क्लासवाल्याकडून कळलं, तेही पेढे संपल्यावर.

संत्राबर्फी: ताई, हेच तर! पर्सेंटाइलवर स्वतंत्र लेख हवा, सगळ्या परीक्षांच्या लेखांतून तिथे दुवा.

निवृत्तमास्तर: नाव ‘शततमक’ ठेवा. बी.एड.च्या पुस्तकांत तेच आहे.

धरमपेठचीआई: शततमक शोधायला कोण येणार आहे, सर?

बर्डीवाला: नाव पर्सेंटाइल, पहिल्या ओळीत शततमक. एवढं मान्य. परीक्षांचे वेगळे लेखही राहू देत, पण फी-तारखा दिसल्या की उडवणार.

संत्राबर्फी: उडवा. पात्रतेची अट मात्र ठेवा, लोक तेच बघायला येतात.

बर्डीवाला: ठेवतो. बारावीचं मात्र मी सोडलेलं नाही, मास्तर.