वाईन ‘विकसित’ होते की मुरते?

मूळ प्रश्न (सांगली)

एका परिचितांसाठी रेड वाईनवरचा लेख मराठीत करतोय. गाडी एकाच वाक्यावर अडली आहे. चार-पाच जातींच्या द्राक्षांची मिळून केलेली उंची रेड वाईन बाटलीत वर्षानुवर्षं बदलत जाते, त्या बदलाला क्रियापद कोणतं? पहिल्या खर्ड्यात ‘वयानुसार विकसित होते’ लिहिलं. वडिलांनी वाचलं आणि चष्मा वर सरकवून म्हणाले, “विकसित? गुंठेवारी आहे का ती?” सांगलीत राहून याला उत्तर देता येत नाही.

‘परिपक्व होते’ लिहिलं तर विमा पॉलिसी डोळ्यांपुढे येते. ‘पिकते’, ‘मुरते’, ‘जुनी होते’ यांपैकी काय चालेल?

बागाईतदार, तासगाव

‘पिकते’ आधी खोडा. द्राक्ष वेलीवर पिकतं ते पिकतं. घड तोडला की विषय संपला, आंब्यासारखी आढी घालून त्यात गोडी वाढत नाही. मग पिंपात आंबतं, ती वेगळी गोष्ट. बाटलीत आणखी काय पिकणार?

आमच्याकडे थॉमसन, सोनाका, माणिक चमन. खायला आणि बेदाण्याला. वाईनची काबर्ने सोव्हिन्यों, मेर्लो ही द्राक्षं निराळीच. मणी बारका, साल जाड, आत बिया. एकदा चावून बघितलं, तर कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं तोंड आवळून आलं. तो तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो आणि म्हणे तोच पुढं कामाला येतो.

निवृत्त शिक्षिका, विश्रामबाग

दादांनी बरोबर जागेवर बोट ठेवलं. त्या तुरट द्रव्याला टॅनिन म्हणतात. नव्या वाईनमध्ये ते सुटंसुटं असतं, म्हणून जिभेला खरखरीत लागतं. वर्षं जातात तसे त्याचे कण एकमेकांना आणि सालीतल्या रंगद्रव्याला धरतात. काही इतके जड होतात की तळाशी बसतात. म्हणून तुरटपणा मऊ होतो, जांभळट रंग माणकासारखा आणि पुढे काठाशी विटकरी दिसू लागतो. सुरुवातीचा ताज्या फळाचा वास मागे पडून सुकामेवा, चामडं, तंबाखू, देवदाराचं लाकूड असले वास पुढे येतात.

आता शब्द. इथे ‘जिरणे’ आणि ‘मुरणे’ यांत गल्लत नको. जिरतं ते नाहीसं होतं. म्हणून माज जिरतो, खोड जिरते. मुरतं ते दिसेनासं होतं, पण आत राहून काम करत असतं. ‘कुठंतरी पाणी मुरतंय’ असं आपण संशयाने म्हणतो ते उगाच नाही. ताप अंगात मुरतो, लोणच्याच्या फोडीत मीठ मुरतं. टॅनिन बरंचसं वाईनमध्येच राहतं, फक्त वागणं बदलतं. तेव्हा मुरते. माझं मत पक्कं.

एकच पुरवणी: तळाच्या गाळाला ‘साका’ म्हणा. वरची वाईन हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढणं म्हणजे निवळून घेणं.

वाईहून

(विश्वकोशाच्या गावचा आहे, तेव्हा नाक खुपसणं आलंच. आणि वाईचा असून वाईनवर बोलतोय, हा विनोद तुमच्या आधी मीच करून टाकतो.)

मुरण्यावरून सगळे मुरांब्याकडे जातील, म्हणून आधीच सांगतो. मुरांबा म्हणजे ‘मुरलेला आंबा’ नव्हे. शब्द अरबी ‘मुरब्बा’वरून आला, आपण त्यात आंबा घुसवला. मूळ क्रियापदाचा अर्थ वाढवणं, सांभाळून मोठं करणं. त्याच मुळातून ‘मुरब्बी’, म्हणजे सांभाळणारा, पाठीराखा. पुढे मराठीत तो ‘मुरलेला’ या अर्थाकडे सरकला आणि राजकारणाला चिकटला.

गंमत अशी की आंबवणं संपल्यापासून बाटलीत भरेपर्यंत वाईन सांभाळण्याला फ्रेंच लोक ‘एलव्हाज’ म्हणतात. तोच शब्द गुरं पाळण्यालाही. बोर्दो या तिथल्या वाईनच्या प्रांतात २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात ही सांभाळणी दीड-दोन वर्षं चालते. म्हणून माझी सूचना: पिंपात वाईन मुरवतात, बाटलीत ती मुरते. पिंपात माणसाचा हात असतो, बाटलीत तिचं तीच.

मूळ प्रश्नकर्ता

मुरवणे आणि मुरणे हा भेद फार कामाचा. पण मग ‘ब्लेंड’चं काय? ‘मिश्रण’ म्हटलं की खोकल्याचं औषध आठवतं. ‘भेसळ’ तर बोलूच नका.

निवृत्त शिक्षिका, विश्रामबाग

‘मेळ’. बोर्दोच्या मेळात काबर्ने कणा देते, मेर्लो मांसलपणा, पेती व्हर्दो चिमूटभर पण रंगाला. कांदा-लसूण मसाल्यासारखंच आहे हे. ताज्या मसाल्यात मिरची वेगळी, खोबरं वेगळं, लवंग वेगळी कळते. बरणीत चार महिने राहिला की नुसता मसाला लागतो.

मिरज

ताई, मसाला पटला, पण माझा अनुभवही ऐका. सहा वर्षांपूर्वी भेट आलेली बाटली ‘जुनी होऊ दे’ म्हणून पोटमाळ्यावर उभी ठेवली. मिरजेचा मे महिना सहा वेळा तिच्या अंगावरून गेला. उघडताना बुचाचा भुगा आणि आत चिंचेचं पाणी. वाईन बारा-तेरा अंशांत, अंधारात, आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं, हे नंतर कळलं. बहुतेक वाईन दोन-चार वर्षांत प्यायच्याच असतात, हेही नंतरच.

तर मुरण्याच्या पुढचा शब्दही लेखात हवा. बायको वास घेऊन म्हणाली, “उतरलीय ही.” आमटी उतरते तशी. याहून नेमकं काही सुचलं तर सांगा.

मूळ प्रश्नकर्ता

नाही सुचलं. वहिनींचा शब्द तसाच घेतला. आता वाक्य असं आहे: ‘अशा मेळाची वाईन पिंपात मुरवतात, बाटलीत ती वर्षानुवर्षं मुरत जाते, साका धरते, रंगाने विटकरी होते आणि वेळेत उघडली नाही तर उतरते.’

वडिलांना वाचून दाखवलं. ‘विटकरी’पाशी थांबले, म्हणाले, “बघ, परत बांधकामावर आलास.”