मदत हवी आहे : काळ्या रानातल्या चिखलासाठी टू व्हील ड्राइव्ह पिकअपला मागे कोणते टायर बसवावेत?

नमस्कार मंडळी,

मी नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूर तालुक्यातला केळी उत्पादक आहे. आमच्या पिकअपची फक्त मागची चाके ओढतात. चारही चाकांना ओढ असलेले मॉडेल आमचे नाही. पावसाळा तोंडावर आला आहे आणि मागचे दोन्ही टायर बदलण्याच्या लायकीचे झाले आहेत. नवीन टायर कोणत्या नक्षीचे आणि कोणत्या मापाचे घ्यावेत, याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आमचे रान इसापूर धरणाच्या कालव्याखाली येते. जमीन खोल, काळी आणि चिकण आहे. मृग बागेची (जून-जुलैत लावलेली) केळी दुसऱ्या पावसाळ्यात कापणीला येते, म्हणजे ज्या दिवसांत रानात वाफसा नसतो नेमक्या त्याच दिवसांत माल बाहेर काढावा लागतो. व्यापाऱ्याचा ट्रक डांबरी रस्त्यावर उभा राहतो आणि बागेपासून तिथपर्यंत पाणंदीने घड पोचवण्याचे काम पिकअप करते. टोळीने घड कापले की मग थांबता येत नाही. गाडी वाटेत रुतली तर घड उतरवून डोक्यावरून न्यावे लागतात किंवा ट्रॅक्टरमध्ये भरावे लागतात. प्रत्येक उचल-ठेवीत साल घासते, तिच्यावर काळे डाग पडतात आणि व्यापारी भाव पाडतो. याच गाडीने नांदेड-हिंगोली महामार्गावरही नियमित ये-जा असते, त्यामुळे केवळ चिखलाचा विचार करून भागणार नाही.

गाडी भरलेली असताना जितकी फसते त्याहून जास्त ती रिकामी बागेकडे जाताना फसते, असे दिसून आले आहे. डावीकडचे मागचे चाक जागच्या जागी गरगर फिरते आणि उजवीकडचे अजिबात हलत नाही. उतरून पाहिले तर टायरच्या सगळ्या खाचा मातीने गच्च भरलेल्या असतात आणि नवा टायरसुद्धा हाताला गुळगुळीत लागतो. सध्या चारही टायर रिब (लांबट, उभ्या खाचांच्या) नक्षीचे, ७.०० आर १५ एलटी मापाचे, ट्यूबवाले आहेत.

टायरच्या दुकानात मोठ्या बटणांचे टायर सुचवले गेले. आमच्या मेकॅनिकचे म्हणणे आहे की रुंद टायर घातले की गाडी चिखलावर तरंगेल. शेजारी सांगतात की जुन्याच टायरवर लग (आडव्या गट्टूंच्या) नक्षीचे रिमोल्डिंग, म्हणजे नवे रबर चढवून, घ्यावे. यांपैकी कोणता मार्ग धरावा? पुढे रिब आणि मागे लग अशी जोडी चालेल का? मागच्या चाकांत हवा किती ठेवावी? अनुभवी मंडळींनी कृपया कारणांसह लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद

नमस्कार. आपण परिस्थिती नीट मांडली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. माझी जमीन परभणीकडची आहे आणि माती तुमच्यासारखीच आहे.

आधी मातीचे पाहू. काळ्या जमिनीत मॉन्टमोरिलोनाइट गटाची चिकणमाती असते. ती पाणी धरून फुगते, चिकट होते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. मुरमाड रस्त्यावर टायरची खाच किती खोल आहे याला महत्त्व असते. आपल्याकडे मात्र खाचेत शिरलेली माती बाहेर पडते की नाही यावर सगळे अवलंबून आहे. रिब टायरच्या खाचा अरुंद असतात आणि टायरच्या परिघाने लांबट धावतात. त्यांच्यात चिकणमाती एकदा बसली की निघत नाही, आणि पकड घ्यायला आडवी कडच उरत नाही. लग नक्षीत गट्टू आडवे असतात, दोन गट्टूंमध्ये रुंद मोकळी जागा असते आणि ती जागा खांद्याकडे उघडी असते. चाक फिरताना त्या वाटेने माती बाहेर फेकली जाते. म्हणून मागच्या, म्हणजे ओढणाऱ्या चाकांना लग किंवा सेमी-लग (मध्ये रिब आणि कडांना लग) आणि पुढे रिब ही जोडी केवळ चालणारीच नाही, तर योग्य आहे. पुढच्या रिबच्या उभ्या कडांमुळे गाडी आडवी सरकत नाही आणि स्टिअरिंगचे ऐकते. पथ्य एकच : एका एक्सलवरचे दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि साधारण सारखेच झिजलेले असावेत.

एक चाक फिरते आणि दुसरे हलत नाही, हा टायरचा दोष नाही. साध्या डिफरन्शियलची, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या चक्रांच्या पेटीची, रचनाच तशी असते. दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो, आणि तो निसरड्यावरचे चाक जितका पेलू शकते तितकाच असतो. एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले की दुसऱ्या, कोरड्यावरच्या चाकालाही जोर उरत नाही. अशा वेळी इंजिनाला रेस देऊ नये, त्याने खड्डा खोल होतो. दुसऱ्या गिअरमध्ये, कमी रेसवर गाडी हलवावी आणि हँडब्रेक अगदी हलका, दोन-तीन दाते ओढून पाहावा. हँडब्रेक मागच्या चाकांवर लागत असल्याने मोकळ्या चाकाला थोडा अडसर होतो आणि थांबलेल्या चाकाकडे जोर जातो. एवढ्यावर गाडी निघाली नाही तर चाकाखाली पऱ्हाट्या किंवा तुराट्या आडव्या टाकाव्यात. पाणंदीच्या कडेला त्यांचे भारे आधीच रचून ठेवलेले बरे.

रिकामी गाडी जास्त फसते, याचे कारण वजन आणि हवा या दोन्हींत आहे. रिकाम्या पिकअपचे बरेचसे वजन पुढे असते, मागची चाके हलकी राहतात. त्यातच आपण मागच्या टायरमध्ये पूर्ण भाराची हवा ठेवतो. टायर ताठ उभा राहतो आणि जमिनीला फार थोडा टेकतो. रिकामे जाताना हौद्यात मागच्या एक्सलच्या बरोबर वर वाळूची पोती ठेवा आणि गाडीसोबतच्या पुस्तकात रिकाम्या गाडीसाठी दिलेली हवाच ठेवा. माल भरला की हवा पुन्हा भारानुसार भरायलाच हवी, कारण कमी हवेवर भार वाहिला तर टायरची बाजू सतत मुडपते, तापते आणि डांबरी रस्त्यावर वेग घेतल्यावर फुटू शकते. बॅटरीवर चालणारा छोटा एअर कंप्रेसर यासाठी जवळ ठेवावा. तुमचे टायर ट्यूबवाले आहेत, म्हणून हवा फार उतरवू नका. टायर डिस्कवर सरकला तर ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो.

रुंद टायरचा सल्ला मी देणार नाही. खोल, तळ नसलेल्या गाळात रुंद टायर तरंगतो हे खरे. पण पाणंदीत बहुतेक वेळा वरचा थर निसरडा आणि खाली जुन्या चाकोरीची घट्ट जमीन असते. तिथे अरुंद टायर वरचा थर कापून घट्ट जमिनीपर्यंत पोचतो. शिवाय माप बदलल्यावर डिस्कची रुंदी, टायरची भार पेलण्याची क्षमता आणि मडगार्डमधली जागा हे सगळे पुन्हा तपासावे लागते, आणि टायर उंच झाला तर ओढ कमी होते. कंपनीने दिलेले मापच राहू द्या.

मोठ्या बटणांचे टायर चिखलात उत्तम चालतात, यात वाद नाही. मात्र ओल्या डांबरावर आणि सिमेंटच्या रस्त्यावर त्यांचे रबर कमी टेकते, ब्रेक लागायला अंतर जास्त लागते, ते लवकर झिजतात आणि डिझेलही जास्त जाते. तुमची महामार्गावर ये-जा असल्यामुळे मी सेमी-लग सुचवतो. रिमोल्डिंगबद्दल माझे मत असे की जुन्या टायरचा सांगाडा निर्दोष असेल, बाजूला चीर किंवा फुगवटा नसेल, तरच ते करावे. भरलेली गाडी महामार्गावर जाणार असेल तर नवीनच घ्यावेत.

धागाकर्ता

आपण वेळ काढून इतके लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. सेमी-लग घेण्याचे ठरवले आहे. दोन शंका राहिल्या. उन्हाळ्यात हेच टायर डांबरावर विनाकारण झिजतील, त्यावर उपाय काय? आणि स्टेपनी रिबच राहणार असल्याने मागचे चाक पंक्चर झाल्यास ती मागे लावावी का?

प्रतिसाद

दोन जास्तीच्या डिस्क घ्या आणि सेमी-लग त्यांच्यावर कायमचे बसवून ठेवा. मृग लागण्याआधी ते चढवायचे आणि दिवाळीनंतर रान वाळले की उतरवून पुन्हा रिब लावायचे. पदरी दोन डिस्कचा खर्च पडतो, पण टायर बराच जास्त काळ टिकतो आणि दरवेळी काढ-घाल करताना त्याच्या काठाला इजा होत नाही. उतरवलेले टायर उन्हात आणि डिझेल-ऑइलजवळ ठेवू नका.

रिब स्टेपनी मागे लावून पंक्चरच्या दुकानापर्यंत सावकाश जाता येईल, तेवढेच. झिजलेली स्टेपनी नव्या टायरपेक्षा लहान व्यासाची असते. दोन चाके वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि डिफरन्शियलमधली चक्रे सतत काम करत राहतात. तसा माल भरून बागेत जाऊ नका.

खरेदीच्या वेळी टायरच्या बाजूवर आयएसआय चिन्ह आणि उत्पादनाचा चार आकडी क्रमांक पाहा. त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात : २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. खाचांची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली की झिजेची खूण नक्षीच्या बरोबरीला येते आणि कायद्याने टायर बाद ठरतो. पण काळ्या चिखलात तो त्याच्या कितीतरी आधी निकामी होतो, म्हणून नक्षी निम्मी झिजली की ती जोडी कोरड्या दिवसांत वापरून संपवा आणि पुढच्या मृगाला नवीन घ्या.