मदत हवी आहे: बॅटरी बदलल्यापासून सेकंडहँड स्विफ्टचा टेप ‘सिक्युरिटी’ दाखवतोय

विट्याचा_वाटसरू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गाडी मारुती स्विफ्ट व्हीडीआय, २०१२ चं मॉडेल. आधीच्या मालक मिरजेच्या, मी मधल्या डीलरकडून घेतली. टेप कंपनीचाच आहे, डॅशबोर्डात बसवलेला, सीडी-यूएसबीवाला.

परवा सकाळी सेल्फ मारला तर नुसती टकटक. बॅटरी पार बसली होती. वायरमनला घरी बोलावून नवीन टाकून घेतली. गाडी लगेच सुरू झाली, पण टेप लावला तर पडद्यावर इंग्रजीत ‘सिक्युरिटी’ एवढंच. एफएम नाही, यूएसबी नाही, कुठलंही बटण दाबा, तेच.

फ्यूज बघितला, चांगला आहे. टर्मिनल काढून परत लावलं, फरक नाही. मग नेटवर एक व्हिडिओ बघून सीक (स्टेशन शोधायचं बटण) आणि १ नंबरचं बटण एकदम दाबलं, तर आकडे घालायला जागा आली. ०००० घातले, १२३४ घातले, गाडीचा नंबर घातला, चेसिस नंबरचे शेवटचे चार घातले. आता ‘एरर’ दाखवतो आणि शेजारी ४.

कार डेकोरवाला म्हणतो, “काढून टाका हे, नऊ इंची अँड्रॉइड बसवू.” मला अँड्रॉइड नको आहे. सकाळी सांगलीला जाताना आकाशवाणी आणि पेनड्राइव्हवरचे अभंग एवढंच ऐकतो.

हा कोड मिळतो कुठे? डीलरने मॅन्युअल दिलेलं नाही, फक्त आरसी बुक आणि विमा.

बॉनेट_उघडून_बघा

टेप बिघडलाय. माझ्याकडे स्विफ्टच आहे, तीही २०१३ ची. आजवर दोन बॅटऱ्या बदलल्या, कधी कोड मागितला नाही. मारुतीत हे कोड प्रकरण नसतंच, ते होंडा-स्कोडात.

ठाणे_ते_ठोसेघर

माझ्या जुन्या सिव्हिकला हेच झालं होतं. सोपं आहे. चावी ऑन करा, टेप बंद ठेवा, १ आणि ६ दाबून धरा आणि पॉवर दाबा. सेटचा सिरियल नंबर पडद्यावर येतो. तो आणि आरसी घेऊन सर्व्हिस सेंटरला जा, ते कोड काढून देतात. त्याआधी ग्लोव्हबॉक्स उघडून आत कुठे छोटा स्टिकर चिकटवलाय का बघा, होंडाचा कोड बऱ्याचदा तिथेच असतो.

आणखी एक. पुढच्या काही होंडा गाड्यांत टेप सुरू करून पॉवरचं बटण दोन सेकंदांहून जास्त दाबून धरलं की सेट गाडीच्या कंट्रोल युनिटला ओळखतो आणि कोड न मागता चालू होतो. करून बघा, फुकट आहे.

वायरमन_कोरेगाव

थांबा. आकडे घालणं आधी बंद करा. चार झालेत ना? तिथंच थांबा.

बॉनेटराव, टेप बिघडलेला नाही. स्विफ्टच्या या टेपला कंपनीकडून कोड लावून येत नाही. मालकानं स्वतः पिन लावला तरच तो मागतो. तुम्ही लावला नाही, म्हणून तुम्हाला विचारला नाही. यांच्या गाडीला आधीच्या मालकानं लावलाय.

ठाणेकरांचं होंडाचं बरोबर आहे, पण ते होंडाचं. स्विफ्टमध्ये टेप बंद करून १ आणि ६ धरून पॉवर दाबला की सिरियल नंबर येत नाही, पिन लावायची-काढायची जागा उघडते. रेनॉच्या जुन्या सेटला तेच १ आणि ६ दाबून कोड मागायला लावतात. बटणं तीच, प्रत्येक कंपनीत काम वेगळं. व्हिडिओवाले गाडीचं नाव न सांगता “एक-सहा दाबा” म्हणतात आणि लोक आमच्याकडे टेप घेऊन येतात.

मारुतीची पद्धत अशी. चावी एसीसीवर, म्हणजे इंजिन बंद पण टेपला करंट. ‘सिक्युरिटी’ दिसेल. सीकचं वरचं बटण आणि १ एकदम दाबा. १ ते ४ बटणांनी चार आकडी पिन घाला. मग डिस्प्लेचं बटण सेकंदभर दाबून धरा. पिन बरोबर असला तर टेप आपोआप बंद होतो. घाबरू नका, परत चालू करा, चालतो. चुकला तर ‘एरर’ आणि आतापर्यंत किती वेळा चुकलं तो आकडा. तुमचा ४ म्हणजे तो. दहा झाले की ‘हेल्प’ येतं आणि टेप ठप्प. मग घरी काही होत नाही.

लिनियाप्रेमी

वायरमन साहेबांशी शंभर टक्के सहमत, फक्त एक भर.

लॉकचे मुळात दोन प्रकार. एकात कारखान्यातच सेटला कोड ठरलेला असतो. सिरियल नंबरवरून कंपनी तो शोधून देऊ शकते. होंडा, फोक्सवॅगन, स्कोडा, फियाट, फोर्ड सगळे यात. दुसऱ्यात कोड मालक ठरवतो. स्विफ्टचा हा टेप त्यातला. म्हणून “सिरियल नंबर पाठवा, पाचशे रुपयांत कोड देतो” असं म्हणणाऱ्या वेबसाइटवाल्यांना तुमच्या बाबतीत एक रुपयाही देऊ नका. जो आकडा मिरजेत कुणीतरी मनाने ठरवलाय, तो सिरियल नंबरवरून कसा निघणार?

आता आमची फियाट. (हो, अजून चालवतो. पार्ट मिळवणं हा पूर्णवेळचा उद्योग आहे, तो वेगळा धागा.) आमच्याकडे रेडिओचा ‘पासपोर्ट’ मिळायचा. त्यावर मॉडेल, सिरियल नंबर आणि चार आकडी गुप्त कोड. चोरी झाली तर पोलिसांना दाखवायला म्हणून जपून ठेवा, असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं. चुकीचा कोड घातला की शिक्षा चढत्या भाजणीची: आधी १ मिनिट थांबा, मग २, ४, ८, १६, मग अर्धा तास, तास, दोन तास, असं करत थेट २४ तासांपर्यंत. इटालियन माणूस चिडला तरी दार कायमचं बंद करत नाही, हे मला आवडतं. मारुतीचं तसं नाही, दहा म्हणजे दहा.

जुन्या स्कोडा-फोक्सवॅगनचा तिसराच न्याय. पडद्यावर ‘सेफ’ येतं, दोनदा चुकलात की सुमारे तासभर सेट चालू ठेवून बसायचं, मगच पुढची संधी. सेट बंद केला तर ती वेळ मोजलीच जात नाही. पुढच्या सेटमध्ये त्यांनी शहाणपणा केला. सेट त्याच गाडीच्या मीटर कन्सोलला ओळखतो, त्यामुळे बॅटरी काढली तरी विचारत नाही. दुसऱ्या गाडीत बसवला तरच विचारतो. चोराला अडवायचं आणि मालकाला छळायचं नाही, हे खरं तर पहिल्यापासून असंच हवं होतं.

बॉनेट_उघडून_बघा

वायरमनदादा, मान्य. आत्ताच खाली जाऊन १-६ दाबून बघितलं, ‘सिक्युरिटी’ आलं, लगेच बाहेर पडलो. इतकी वर्षं गाडी वापरतोय, हे माहीत नव्हतं.

विट्याचा_वाटसरू

सगळ्यांचे आभार. आकडे घालणं बंद केलंय. म्हणजे आधीच्या मालकांना गाठणं हाच मार्ग? डीलरला विचारलं तर “पार्टीचा नंबर देता येत नाही” म्हणाला. आणि त्या बाईंनाही आठवत नसेल तर?

वायरमन_कोरेगाव

डीलरला नंबर मागू नका. त्याला म्हणा, तुम्हीच फोन लावा, आणि टेपचा पिन आणि मॅन्युअल एवढंच विचारा. त्याला तेवढं करायला जड जात नाही. नाहीतर जुने सर्व्हिसचे कागद बघा. आरसी आणि ओळखपत्र घेऊन त्या वर्कशॉपला गेलात तर तेही मालकाला निरोप देतात.

नाहीच आठवला तर टेप काढून चांगल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे. आतली मेमरीची चिप प्रोग्रामर नावाच्या यंत्रानं वाचणारे लोक मोठ्या शहरात आहेत. पण ते आरसी बघितल्याशिवाय हात लावत असतील तरच त्यांच्याकडे द्या. न बघता करून देणारा उद्या तुमचाही चोरलेला टेप दुसऱ्याला उघडून देईल.

टेप बाहेर काढताना मागचा कपलर (वायरींचा जोड) कापू देऊ नका. डेकोरवाले घाईत वायरी कापून टेप गुंडाळतात, मग ओरिजिनल परत बसवायचा म्हटलं की आमची दिवसभराची कटकट.

लेस्टरचा_साताऱ्या

इथे इंग्लंडात सेकंडहँड फोर्ड फिएस्टा घेतली, त्यात ‘६००० सीडी’ नावाचा सेट. मलाही कोड मागितला. डीलरकडे व्ही-फाइव्ह-सी म्हणजे इथलं आरसी आणि ओळखपत्र दाखवलं, सेटच्या ‘व्ही’ने सुरू होणाऱ्या सिरियल नंबरवरून कोड मिळाला. त्या सेटवरही दहा चुका झाल्या की ‘लॉक्ड १०’ येतं. तेव्हा थांबलात हे बरं केलंत.

अवांतर: आपल्याकडे नव्वदीत टेपचं पुढचं पॅनल काढून खिशात घालून फिरायचे ते आठवतं का? लग्नात निम्मे काका शर्टाच्या खिशात पॅनल घेऊन पंगतीला. ही कोडची भानगड त्याच चोरीच्या धास्तीतून आली. आता कंपनीचा टेप डॅशबोर्डच्या आकाराचाच येतो, चोरून दुसरीकडे बसवणार कुठे?

ठाणे_ते_ठोसेघर

माझा एक-सहाचा सल्ला होंडापुरताच धरा.

एक प्रश्न वायरमनदादांना. बॅटरी बदलताना टेपची मेमरी जाऊच नये असं करता येतं ना? माझ्या मेकॅनिकने दुसरी बॅटरी जोडून ठेवली होती.

वायरमन_कोरेगाव

येतं. दुसरी १२ व्होल्टची बॅटरी जंपर केबलनं गाडीच्या केबलींना समांतर जोडायची, मग जुनी काढायची. गाडीच्या वायरिंगला करंट चालू राहतो, टेपला काही कळत नाही. पण पॉझिटिव्हची केबल मोकळी असताना तिच्यात करंट असतो. बॉडीला टेकली की ठिणगी. चिमट्याला रबर नसेल तर करू नका. ज्याला सवय नाही त्यानं कोड लिहून ठेवावा आणि सरळ बॅटरी काढावी, ते स्वस्त पडतं.

विट्याचा_वाटसरू

अपडेट. काम झालं!

डीलरने फोन लावला. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका आहेत. म्हणाल्या, “मुलानं लावला होता. पुस्तक माझ्या कपाटात आहे, बघते.” संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला. मॅन्युअलच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने चार आकडे, खाली सर्व्हिसच्या तारखा, टायर कधी बदलले, हवा किती ठेवायची, सगळं सुवाच्य अक्षरात. हे पुस्तक डीलरने गाडीबरोबर मागून घ्यायला हवं होतं, पण असो.

वायरमनदादांनी सांगितलं तसंच केलं. डिस्प्ले दाबून धरल्यावर टेप बंद झाला तेव्हा छातीत धस्स झालं, पण परत चालू केला आणि सांगली केंद्र लागलं. जुनी स्टेशनं पुसली गेली होती, ती परत लावून घेतली.

आता पिन काढून टाकू की ठेवू?

वायरमन_कोरेगाव

काढा. टेप बंद करा, १ आणि ६ धरून पॉवर दाबा, ‘पिन’ येईल. सीक वर आणि १ एकदम, तोच पिन घाला, डिस्प्ले दाबून धरा. चार आडव्या रेषा आल्या की निघाला. पुढच्या बॅटरीला कुणी विचारणार नाही.

लिनियाप्रेमी

मी असतो तर ठेवला असता. चार आकडे आरसीच्या झेरॉक्सवर लिहिले की प्रश्न मिटला. पण २०१२ च्या टेपवर कोण डोळा ठेवतंय, हेही खरंच. काढा.

विट्याचा_वाटसरू

काढला. रेषा आल्या. मॅन्युअल बाई जपून ठेवणार आहेत, मिरजेला जाईन तेव्हा घेऊन येईन.

नवी_मुंबई_४३

धागा वर आणतोय, माझंही असंच. फोर्ड फिगो, बॅटरी काढली होती, आता कोड मागतेय. सेट काढून मागचा स्टिकर बघितला, फोटो जोडलाय. कुणी कोड सांगेल का?

लिनियाप्रेमी

आधी तो फोटो उडवा. सिरियल नंबर असा उघड्यावर टाकू नका, फोर्डच्या बाबतीत तर मुळीच नाही, सगळी किल्ली त्या नंबरातच आहे. गाड्या बनवणं त्यांनी इथे २०२१ मध्ये थांबवायचं जाहीर केलं, पण सर्व्हिस अजून आहे. आरसी आणि तो नंबर घेऊन अधिकृत वर्कशॉपला जा. आणि वेगळा धागा काढा, मॉडेलचं वर्ष लिहा, पडद्यावर नक्की कोणते शब्द येतात तेही लिहा.

नवी_मुंबई_४३

फोटो उडवला. नवीन धागा काढतो.