इटालियन आजींचं पालेभाजीचं सूप, आईचं वेगळं आणि लेकीचं वेगळं?

जर्सीकरीण:
न्यू जर्सीत आमच्या शेजारी एक आजी आहेत, ८०च्या पुढच्या, माहेर-सासर दोन्हीकडचे लोक मूळचे नेपल्सचे. थंडी पडली की एस्कारोल (सॅलडसारखी, जरा कडवट पालेभाजी) आणि पांढऱ्या बीन्सचं सूप डबाभर आणून देतात. परवा मी ओट्याशी उभं राहून बघितलं. ऑलिव्ह ऑइलमध्ये ठेचलेला लसूण, तो जरा सोनेरी झाला की धुतलेली ओलीच पानं मुठीमुठीने टाकली, पातेल्याच्या वर डोंगर झाला आणि दोन मिनिटांत सगळा तळाला बसला. मग बीन्स, त्यातल्या थोड्या डावाने कडेला घासून मोडल्या, आणि पार्मेजान चीजची कडक साल तशीच आत. त्यांची लेक मात्र बारीक मटण गोळे आणि मोहरीएवढा पास्ता घालते, त्याला वेडिंग सूप म्हणते. मग खरं कुठलं? आणि हे लग्नात करतात का? माझं केलेलं कडू का झालं तेही सांगा.

भटकंती_७:
लग्नाशी काही संबंध नाही हो ताई. नेपल्समध्ये मिनेस्त्रा मारिताता म्हणून सूप आहे, ख्रिसमस-ईस्टरला करतात. मारिताता म्हणजे लग्न लावलेली, आणि लग्न कोणाचं तर पालेभाज्यांचं आणि मांसाचं. एस्कारोल, चिकोरी, कोबी असे चारपाच पाले आणि डुकराच्या मांसाचे तुकडे, तासन्‌तास उकळलेलं. अमेरिकेत त्याचं वेडिंग सूप झालं आणि मांसाच्या तुकड्यांच्या जागी गोळे आले. नेपल्सचे लोक मॅकरोनी खाणारे म्हणून ओळखले जायला लागले ते १७व्या शतकापासून, त्याआधी त्यांना मांजाफोल्ये म्हणायचे, म्हणजे पानं खाणारे! त्यामुळे आजींचं बिनमांसाचं सूपही अस्सल तिथलंच आहे, दोघींचंही बरोबर.

स्वयंपाकघर_मीरा:
मी फ्लोरेन्सला ४ वर्षं होते, तिकडच्या सूपात एस्कारोल नाही, काव्होलो नेरो घालतात, म्हणजे काळपट हिरव्या लांब पानांचा केल, कोबीच्या जातीचा पाला. घरमालकीणबाई हिमाचा कडाका पडेपर्यंत तो आणायच्याच नाहीत, त्याशिवाय पानाला गोडवा येत नाही म्हणायच्या. त्याची रिबोलिता करतात, रिबोलिता म्हणजे परत उकळलेलं. बीन्स, पाला, शिळा पाव (तिकडच्या पावात मीठ नसतं), आणि दुसऱ्या दिवशी गरम करून वरून कच्चं ऑलिव्ह ऑइल. पहिल्या दिवशी खाल्लं तर त्या चक्क रागवायच्या, आणि खरंच दुसऱ्या दिवशी चमचा उभा राहील इतकं दाट आणि काय चव!
कडूपणाचं म्हणाल तर बाहेरची गडद पानं जास्त कडू असतात, आतली पिवळसर घ्या, किंवा आधी मिठाच्या पाण्यात उकळून पिळून घ्या. पालक घालू नका, लगदा होतो.

जर्सीकरीण:
थँक्यू मीराताई, मी बाहेरचीच पानं वापरली होती, आतली कोवळी सॅलडला ठेवली. आजींना मारिताता विचारलं तर त्यांचा चेहराच उजळला, आई ईस्टरला करायची म्हणाल्या, आता शनिवारी लेकीला आणि मला दोघींना बोलावलंय, चिकोरी मी आणायची.