अनुभव धागा: युरोपच्या कालव्यांवर बार्जमधली सुट्टी

राइन-डॅन्यूबवरच्या मोठ्या क्रूझबद्दल मराठीत बरंच लिहून झालंय. हा धागा हॉटेल बार्जसाठी. पूर्वी धान्य-कोळसा वाहणारी लांबट बोट, आता त्यात सहा ते वीसेक प्रवासी, स्वतःचा आचारी आणि खलाशी. ज्यांनी हा प्रवास केलाय त्यांनी खर्चासकट लिहा. माझं मत आधीच सांगते: कालवा आधी ठरवा, बोट नंतर. आठवड्याभरात बोट जेमतेम शंभर किलोमीटर जाते. म्हणजे जो टापू निवडाल तोच पूर्ण आठवडा बघणार.

नाशिकहून, निवृत्त पाटबंधारे अभियंता

आम्ही दोघं दक्षिण फ्रान्सच्या कानाल द्यु मिदीवर गेलो, आणि मी तिथे फक्त पाणी बघत होतो. तुलूजपासून भूमध्य समुद्राजवळच्या ‘तो’ नावाच्या सरोवरापर्यंत 240 किलोमीटरचा हा कालवा पिएर-पॉल रिके याने 1666 ते 1681 मध्ये खोदला. खोदण्यापेक्षा अवघड प्रश्न होता माथ्यावर पाणी आणायचं कुठून. माथा म्हणजे नोरूझची खिंड, 189 मीटर उंचीवर, तिथून कालवा दोन्हीकडे उतरतो. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेलं कुंड, त्यात पाणी भरून-सोडून बोट चढवतात-उतरवतात. बोट दोन्हीकडच्या कुठल्याही लॉकमधून गेली की पाणी खाली जातं, ते भरून काढायला हवंच. रिकेने ‘काळा डोंगर’ नावाच्या डोंगररांगेतले ओढे चाऱ्यांनी वळवले आणि साँ-फेरेओलला मातीचं धरण बांधलं. साडेतीनशे वर्षं झाली, धरण आजही कामावर आहे.

बेझिएजवळ फोन्सेरानची लॉकची उतरंड येते. एकाला एक लागून आठ कुंडं, नऊ दरवाजे, साडेएकवीस मीटरचा फरक. कुंडांच्या भिंती अंडाकृती आहेत, मातीचा दाब पेलावा म्हणून. बोटीवर न थांबता काठाने चालत जा. खलाशी दोर खुंटाला कसा वेढतो, पाणी शिरताना तो कसा घट्ट करत नेतो, ते जवळून दिसतं.

एक वाईट वाटलं. जाहिरातीतली चिनाराची सावली बऱ्याच ठिकाणी उरलेली नाही. 2006 मध्ये इथे बुरशीचा रोग सापडला, तेव्हापासून हजारो झाडं तोडून जाळावी लागली. नवी लावली आहेत, पण ती अजून लहान आहेत. फोटो बघून टापू निवडणाऱ्यांनी हे आधी विचारावं.

ठाण्याहून

काका, तुमचं वाचून पुन्हा जावंसं वाटलं. मी जेवणाचं लिहिते, कारण घरात सगळे शाकाहारी. खासगी बार्जवर चांगला आचारी असतो, पण "व्हेजिटेरियन" एवढंच कळवून भागत नाही. मासे नाहीत, मांसाच्या हाडांचा रस्सा सूपमध्ये नाही, अंडं चालतं की नाही, असं एकेक ओळीत लिहून पाठवा. चीजचंही विचारा. फ्रान्सची पारंपरिक चीज बहुतेक वासराच्या रेनेटने (पोटातल्या, दूध गोठवणाऱ्या द्रव्याने) बनतात. आमच्या आचाऱ्याने दुसऱ्या दिवसापासून बाजारातून आर्टिचोक, शतावरी, मसूर आणून जे केलं, ते मी घरी अजून करते. खर्च मात्र जबर: जेवण, वाइन, सहली धरून माणशी चार हजार युरोच्या पुढेच.

कोल्हापूरहून

आईला गुडघेदुखी, म्हणून फ्रान्सच्या बर्गंडी भागातली बोट निवडताना मी जिन्यांचे फोटो मागवले. लिफ्ट बहुतेक बार्जवर नसते. खोल्या खालच्या मजल्यावर, आणि उतरायचा जिना शिडीइतका उभा असू शकतो. फ्रान्समधले बरेच लॉक 1879 च्या ‘फ्रेसिने’ या प्रमाण मापाचे आहेत, त्यात 38.5 मीटर लांब आणि 5.05 मीटर रुंद बार्ज बसते. दोन्ही बाजूंना जेमतेम चार बोटं जागा राहते. आई डेकवर खुर्ची टाकून प्रत्येक लॉक बघायची, भिंतीवरचं शेवाळ हाताशी यायचं. बोटीचा वेग ताशी सहा-आठ किलोमीटर, तेव्हा मुलं सायकलवर पुढे जाऊन पुढच्या लॉकवर थांबायची.

आइंडहोवनहून

इतका खर्च नको असेल तर नेदरलँड्समध्ये सायकल-बार्ज बघा. साधारण हजार-दीड हजार युरोत आठवडा होतो. बोट पुढे जाते, आपण दिवसाला तीस-पन्नास किलोमीटर सायकल चालवून संध्याकाळी तिला गाठायचं. न्याहारीच्या टेबलावरच दुपारचा डबा आपणच भरायचा. किंडरडाइकच्या 19 पवनचक्क्या सायकलवरून बघाव्यात. वारा समोरून आला की दमछाक होते, म्हणून बॅटरीची सायकल आधीच राखून ठेवा. ट्यूलिपसाठी एप्रिल.

पुण्याहून

आमची बर्गंडीची सहल 2022 च्या दुष्काळात फिरली. पाणी कमी झालं, कालव्याचा भाग बंद, आणि कंपनीने ऐनवेळी आम्हाला दुसरीकडे वळवलं. पैसे परत मिळाले नाहीत, कारण करारात मार्ग बदलायची मुभा होती. ती ओळ वाचा, मार्ग बदलला तर पैसे परत मिळतील का ते विचारा, आणि उत्तर लेखी घेऊनच सही करा. मे-जूनमध्ये पाणी कमी पडण्याचा धोका ऑगस्टपेक्षा कमी, आणि शाळांच्या सुट्ट्यांनाही मे जुळतो. हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी लॉक बंद असतात.

धागाकर्ती

धन्यवाद सगळ्यांना. व्हिसाचं राहिलं: शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. दोन देश असतील तर जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. ईशान्य फ्रान्समधल्या आल्सास-लॉरेनला कुणी गेलंय का? लॉरेनमधल्या आर्झविलेला 1969 मध्ये बांधलेली, बोट पाण्याच्या हौदासकट उतारावरून 44 मीटर खाली-वर नेणारी यंत्रणा आहे. काका, तुमच्यासाठी तो टापू सांगावासा वाटतो.