मार्चमध्ये घड्याळ पुढे जातं, ४ वर्षांच्या मुलीची झोप कशी बसवायची?

निशिगंध_एडिसन:
अमेरिकेत न्यू जर्सीला उन्हाळी वेळ सुरू होते, मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे २ चे थेट ३ वाजणार. लेक ४ वर्षांची. रात्री ८ ला झोपते, सकाळी ६:४५ ला उठते, दुपारी १ ते २:३० डुलकी. सासू-सासरे पुण्याहून आलेत, सासऱ्यांचं रात्री ९ ला इन्सुलिन असतं. तयारी कधीपासून करावी, आणि रोज किती मिनिटांनी?

पहाटवारा:
बुधवारपासून, रोज १५ मिनिटं. बुधवारी ७:४५, गुरुवारी ७:३०, शुक्रवारी ७:१५, शनिवारी ७. रविवारी नव्या घड्याळात ८ वाजतील तेव्हा तिच्या शरीरात ७ च वाजलेले असतील, आणि त्याची सवय आदल्या रात्रीच झालेली असेल.

बहुतेक घरी गाडं अडतं ते सकाळी. झोपायची वेळ अलीकडे आणतात, पण उठवतात जुन्याच वेळेला. मग पोर रात्री अंथरुणात तासभर लोळत राहतं. म्हणून गुरुवारी ६:३०, शुक्रवारी ६:१५, शनिवारी ६ ला उठवाच. जीव होत नाही, कळतं, पण शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडानेच अलीकडे सरकतं. माणसाचं आतलं घड्याळ मुळात २४ तासांहून थोडं लांब असतं, त्यामुळे उशिरा झोपणं सोपं आणि लवकर झोपणं अवघड. म्हणूनच नोव्हेंबरपेक्षा (तेव्हा घड्याळ तासभर मागे जातं) मार्च जड जातो.

अडचण अशी की त्या दिवसांत तुमच्याकडे सूर्योदय ६:२० च्या आसपास, आणि रविवारनंतर तोच सव्वासातच्या आसपास. तेव्हा उठल्याबरोबर घरातले सगळे दिवे लावा, नाश्ता खिडकीपाशी द्या आणि उजाडल्यावर २० मिनिटं तिला बाहेर न्या. आभाळ भरलेलं असलं तरी चालेल. दिवाणखान्यातल्या दिव्याखाली दोन-तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, ढगाळ आभाळाखाली हजारोंनी.

डुलकी आणि रात्रीचा वरणभातही त्याच १५-१५ मिनिटांनी अलीकडे घ्या. डुलकी दीड तासापलीकडे जाऊ देऊ नका, नाहीतर रात्रीची सगळी मेहनत वाया.

निशिगंध_एडिसन:
छान समजलं. संध्याकाळी उजेड असताना झोपवायचं कसं? ब्लॅकआउट पडदे आत्ताच घेऊ का?

खिडकीकाठ:
मार्चमध्ये घाई नाही. त्या रविवारी सूर्यास्त ७ च्या आसपास होतो, ८ ला अंधारच असतो. खरा त्रास मे-जूनमध्ये, तेव्हा साडेआठपर्यंत उजेड राहतो. पडदा घेताना खिडकीच्या दोन्ही बाजूंना १५-१५ सेंटीमीटर जास्त घ्या आणि कडा भिंतीला वेल्क्रोने चिकटवा. कापड कितीही जाड घेतलं तरी उजेड शिरतो तो कडेच्या फटीतून.

साडेनऊ_तास:
सासऱ्यांच्या इन्सुलिनबद्दल आत्ताच त्यांच्या डॉक्टरांना विचारा. इन्सुलिनचं नाव, युनिट आणि वेळ लिहून द्या. शनिवारी रात्री ९ ते रविवारी रात्री ९ या दोन डोसांत २४ नाही, २३ तास पडतात, हे आवर्जून सांगा. ग्लुकोमीटरचं घड्याळही तपासा. बऱ्याच मीटरांत ते हाताने बदलावं लागतं, आणि राहून गेलं तर पुढच्या सगळ्या नोंदी तासाभराने चुकतात.

भारतात घड्याळ बदलत नाही, त्यामुळे साडेदहा तासांचं अंतर साडेनऊवर येईल. रविवारी सकाळी ८:३० ला पुण्याला फोन लावत असाल तर तिथे आत्ता संध्याकाळचे ७ असतात, मग ६ होतील. तिकडची ७ ची वेळ सांभाळायची असेल तर तुम्ही ९:३० ला लावा. तेवढ्यासाठी लेकीचा नाश्ता किंवा बाहेरचा फेरा पुढे ढकलू नका.

पहाटवारा:
आणखी एक. मेलाटोनिनच्या (झोपेच्या संप्रेरकाच्या) गमी, म्हणजे चघळायच्या गोळ्या, मुलीला आपल्या मनाने देऊ नका. अमेरिकेत त्या चिठ्ठीशिवाय पूरक आहार म्हणून मिळतात, आणि लेबलवरचं प्रमाण व आतलं प्रमाण जुळेलच असं नाही. द्यायचीच वेळ आली तर आधी बालरोगतज्ज्ञ.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हेच उलटं: बुधवारी ८:१५, मग ८:३०, ८:४५, शनिवारी ९. तरी पहाटे पावणेसहाला जाग आलीच तर दिवा लावू नका, दूध-बिस्कीट देऊ नका. अंधारातच शेजारी पडून राहा, उजेड पावणेसातलाच.