'करमंना झालंय' : हा शब्द दुःखाचा की कंटाळ्याचा?

एका शब्दाबद्दल विचारायचं आहे. आधी थोडं घरचं सांगते, नाहीतर प्रश्न नीट कळणार नाही.

आम्ही कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. मुलगी दहावीला आहे. तिच्या दोन मैत्रिणी, पाचवीपासूनच्या. सकाळी तिघींच्या सायकली आमच्या बोळाच्या तोंडाशी जमायच्या आणि तिथून शाळेला निघायच्या. त्यांतली एक श्रावणात गेली. चार दिवस ताप, मग दवाखाना, आणि सहाव्या दिवशी सगळं संपलं.

तिच्या घरी रक्षाविसर्जन झालं, उत्तरकार्य झालं. आम्हाला सुतक नव्हतं, त्यामुळं आमची पोरगी तिसऱ्या दिवशी शाळेत गेली. घरात रडली नाही, जेवण टाकलं नाही. मला वाटलं, सावरली. महिन्याभरानं एका संध्याकाळी दप्तर खाली ठेवत म्हणाली, "आई, मला करमंना झालंय." मी चपात्या लाटत होते. म्हटलं, "मग जा की रंकाळ्यावर, फिरून ये. नाहीतर मोबाइल बघ जरा वेळ."

ती काही बोलली नाही. डबा काढून माझ्यापुढं उघडून ठेवला. शेंगदाण्याची चटणी निम्म्याहून जास्त तशीच होती. ती गेलेली पोरगी रोज आमच्या डब्यातली चटणी खायची, म्हणून मी दोघींपुरती घालायचे. महिना झाला तरी माझा हात तेवढीच घालत होता आणि ही रोज उरलेली परत आणत होती.

तर प्रश्न असा. करमणे म्हणजे वेळ मजेत जाणे, असंच मी आजवर समजत आले. त्यावरूनच करमणूक. सिनेमाच्या तिकिटावर करमणूक कर असायचा, २०१७ साली जीएसटी येईपर्यंत. ह. ना. आपट्यांनी १८९० मध्ये काढलेल्या साप्ताहिकाचं नावच 'करमणूक'. असा हलकाफुलका शब्द पोरीनं मैत्रिणीच्या मरणाला का लावला? तिला दुसरा शब्द मिळाला नाही, की मलाच तो ऐकू आला नाही?

*

ताई, पोरीला शब्द अगदी नेमका मिळालाय. मी आयुष्यभर कागल तालुक्यात मराठी शिकवली, त्या आधारानं सांगतो.

'करमणूक' शहरात जाऊन तिकिटावर बसली, पण 'करमणे' घरातच राहिलं. हे क्रियापद होकारात कधी येतं ते आठवून बघा. "मला करमतं" असं आपणहून कोण म्हणतं? "करमतंय का?" असं विचारतात, तेही नव्या नवरीला नाहीतर वसतिगृहात ठेवलेल्या पोराला. म्हणजे ज्याचं माणूस तुटलंय त्यालाच. बाकी सगळा वापर नकारी.

कंटाळ्याशी ताडून बघा. कंटाळा कशाचा तरी येतो, अभ्यासाचा, रोजच्या भाजीचा, वाट बघण्याचा. जी गोष्ट समोर आहे तिचाच कंटाळा. करमत नाही ते कुणावाचून तरी, कुणाशिवाय तरी. त्याला समोर नसलेलं माणूस लागतं. आम्ही एक गाय विकली तेव्हा गोठ्यात राहिलेल्या दुसरीनं दोन दिवस वैरणीला तोंड लावलं नाही. वडील म्हणाले, "तिला करमंना." तिला कंटाळा आलाय असं कुणी म्हटलं नसतं.

आता 'ना' बघा. प्रमाण भाषेत करमेना, आपल्याकडं करमंना. "दार उघडत नाही" आणि "दार उघडेना" यांत फरक आहे. दुसऱ्यात कुणीतरी दार ढकलून बघितलेलं असतं. "झोप येईना" म्हणणारा कूस बदलून दमलेला असतो. तुमच्या मुलीनं महिनाभर शाळेत, वर्गात, सायकलीवर करमवून घ्यायची खटपट केली आणि मग ती "करमंना" म्हणाली.

आणि या वाक्याला कर्ता नाही. 'मी' नाही, 'मला' आहे. मळमळते, उजाडते ही भावकर्तृक क्रियापदांची उदाहरणं पुस्तकात असतात, करमते त्याच पंगतीतलं. दुःख माणूस 'करतो', म्हणून भेटायला येणारे "दुःख करू नको" असं म्हणू शकतात. न करमण्याला तसा हुकूम देता येत नाही. तुम्ही तिला रंकाळ्यावर पाठवत होता त्यात चूक नाही, मीही तेच म्हटलं असतं. पण तिनं औषध मागितलंच नव्हतं.

*

सरांचं पटलं. मला सुतकाबद्दल बोलायचं आहे, कारण ताईंच्या लिहिण्यात तो शब्द सहज आलाय आणि मला तो टोचला.

मी इचलकरंजीची. नववीत असताना माझी मैत्रीण गेली. सुतक भावकीला, दहा दिवस. ज्याचं तोंड कधी बघितलं नाही अशा चुलत चुलत्याचंही धरायचं. आणि जिच्या वेणीला मी चार वर्षं रिबीन बांधली तिचं मला काहीच नव्हतं. मातीला बायका जात नव्हत्या, पोरी तर नाहीतच. वर्तमानपत्रात आलं, "तिच्या पश्चात आई, वडील, भाऊ, आजी असा परिवार आहे." ते कात्रण मी भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं होतं आणि 'आजी'च्या पुढं पेन्सिलीनं माझं नाव लिहिलं होतं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

खूप वर्षांनी एक गोष्ट लक्षात आली, ती इथं मांडते. निधनाच्या पत्रावर आपण 'आप्तेष्ट' लिहितो आणि मनात नातेवाईक असा अर्थ धरतो. पण तो शब्द आप्त अधिक इष्ट असा आहे. इष्ट म्हणजे आवडीचं, जिवाभावाचं माणूस, 'इष्टमित्र' मधला इष्ट. म्हणजे पत्रात मैत्रिणीला जागा होती, आपण ती वाचत नव्हतो.

एक जुना शब्दही सांगते. आमची आजी आठवणीला 'सय' म्हणायची. हा स्मृतीवरून आला, प्राकृतात 'सइ' होऊन. आणि जात्यावरच्या ओव्यांतली 'सई', हाक मारताना 'सये', ती सखीवरून आली, प्राकृतात 'सही' होऊन. दोन वेगळी मुळं झिजत झिजत शेजारी येऊन बसली. आजी दळताना "सय येती" म्हणायची तेव्हा मला आठवण येते की मैत्रीण येते ते कळायचं नाही.

*

तुम्हा दोघांचं लिहिणं मी पोरीला वाचून दाखवलं. गायीचं ऐकून हसली, कात्रणाचं ऐकून उठून आत गेली.

आणखी एक विचारायचं राहिलं होतं. नवरात्रात ललित पंचमीला टेंबलाईच्या यात्रेला जायचं म्हणून आवरताना ती शेजारच्या आजींना म्हणाली, "आम्ही तिघी जातो दरवर्षी." आजींनी माझ्याकडं बघितलं. मी तिला 'दोघी' म्हणायला शिकवायला हवं का?

*

ताई, शिकवू नका. दोघी, तिघी, चौघी हे शब्द माणसांसाठीच आहेत. सायकली तीन, म्हशी तीन, वह्या तीन. तिघी फक्त बायका-मुली. 'तीन मुली' म्हणताना आपण मोजतो, 'तिघी' म्हणताना मोजत नाही, कोण कोण ते आधीच ठरलेलं असतं. तिला जेव्हा 'दोघी' म्हणवेल तेव्हा म्हणेल, नाही म्हणवलं तर नाही. हे मी व्याकरणाचा मास्तर म्हणून सांगतोय.

*

सर, मी काही बोलले नाही तिला.

रविवारी दोघी तिच्या घरी गेल्या, मीही बरोबर होते. तिची सायकल जिन्याखाली उभी होती, मागच्या चाकात हवा नव्हती. पोरींना काय बोलावं ते सुचेना. तिच्या आईनं पोहे केले, पुढं ठेवले, समोर बसल्या आणि विचारलं, "करमतंय का गं तुम्हाला?"

आमची पोरगी मान हलवून "न्हाई काकू" म्हणाली आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

"मला बी करमंना बाळांनो," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ तिघी तशाच बसून राहिल्या. पोहे गार झाले. निघताना पोरीनं पंप मागून घेतला आणि त्या सायकलीत हवा भरली.